नवव्या मजल्यावरचं ऊन पाण्याचं कुंड

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर कानाझावा नावाचं शहर आहे. तिथल्या एका कारखान्यात यंत्राच्या कामासाठी मला ऐन जानेवारीत जावं लागलं. दिवसभर बर्फ भुरभुरत होतं. रात्री स्टेशनजवळच्या हॉटेलात पोचलो, तेव्हा पायांची बोटं आपलीच आहेत का, अशी शंका येत होती. खोलीचं दार उघडलं आणि वाटलं, ही खोली की रेल्वेचा डबा? एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात चिमुकलं न्हाणीघर. बॅग उघडली की चालायला जागा नाही. जपानात याला 'बिझनेस हॉटेल' म्हणतात. कामानिमित्त फिरणाऱ्या नोकरदार माणसाला स्वच्छ अंथरूण मिळावं आणि खिशालाही परवडावं, एवढाच त्याचा हेतू. शहर आणि वार बघून आज एका माणसाला रात्रीचे साधारण आठ ते पंधरा हजार येन पडतात.

पण टेबलावरच्या कागदावर एक चित्र होतं. एक भांडं आणि त्यातून वर जाणाऱ्या वाफेच्या तीन रेघा. ही जपानातल्या गरम झऱ्याची खूण. नवव्या मजल्यावर झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह होतं आणि ते भाड्यातच धरलेलं होतं!

आता तुम्ही म्हणाल, नवव्या मजल्यावर झरा कसा? त्याचं उत्तर जमिनीत आहे आणि कायद्यातही. जपानात शंभरावर जागृत ज्वालामुखी आहेत आणि गरम पाण्याचे २५ हजारांहून अधिक उगम आहेत. पण ज्वालामुखी जवळ नसला तरी जमिनीत खोल गेलं की दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे हजार-दीड हजार मीटर खोल विंधण घेतली आणि पाणी लागलं, तर ते गरमच लागतं. ते पंपानं वर चढवायचं. जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी २५ अंश किंवा त्याहून गरम असलेलं पाणी 'ओनसेन' ठरतं. ते थंड असलं तरी ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असला की झालं. काही हॉटेलं तर दूरच्या झऱ्याचं पाणी टँकरनं आणतात.

मग खरं-खोटं कसं ओळखायचं? 'तेन्नेन ओनसेन' लिहिलं असेल तर झरा नैसर्गिक. 'जिनको ओनसेन' म्हणजे कृत्रिम, साध्या पाण्यात क्षार मिसळून केलेला. 'दाइयोकुजो' म्हणजे नुसतं मोठं सार्वजनिक स्नानगृह; तिथे नळाचं तापवलेलं पाणीही असू शकतं. खऱ्या झऱ्यावर स्नानाचा करही बसतो. त्याचा प्रमाण दर माणशी १५० येन आहे. २००४ साली काही नामांकित ठिकाणी पाण्यात रंगाची पूड मिसळल्याचं उघडकीला आलं आणि देशभर गदारोळ झाला. त्यानंतर २००५ पासून पाण्यात साधं पाणी घातलं आहे का, ते तापवलं आहे का, फिरवून वापरलं आहे का आणि जंतुनाशक टाकलं आहे का, हे फलकावर लिहिणं बंधनकारक झालं. क्लोरीनचा वास आला म्हणून नाक मुरडू नये. २००२ साली मियाझाकी प्रांतातल्या एका स्नानगृहात लिजिओनेला जंतूंमुळे सात माणसं दगावली. फिरवून वापरलेलं पाणी निर्जंतुक करावंच लागतं.

एवढं सगळं वाचलं, पण माझी खरी अडचण वेगळीच होती. तिथे आंघोळ करायची ती सगळ्यांच्या देखत आणि अंगावर सूतही न ठेवता. बायकांचं आणि पुरुषांचं दालन वेगळं असतं, हे खरं. तरीही पंचा नेसून नदीवर आंघोळ करणाऱ्या घरातला मी. अर्धा तास पलंगावर बसून राहिलो. शेवटी थंडीनं लाजेवर मात केली.

खोलीतले दोन टॉवेल घेऊन, हॉटेलनं दिलेला सैल पोशाख घालून वर जायचं. दारावर पडदा असतो. बहुधा निळा पुरुषांचा, तांबडा बायकांचा. काही ठिकाणी सकाळी दालनांची अदलाबदल होते, म्हणून रोज पडदा बघूनच आत शिरावं. कपडे टोपलीत ठेवायचे. मग बुटक्या स्टुलावर बसून, साबण लावून, अंग अगदी स्वच्छ धुवायचं आणि मगच कुंडात उतरायचं. साबण आणि टॉवेल पाण्यात न्यायचा नाही. लहान टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवतात. लांब केस बांधायचे. अंगावर गोंदण असेल तर आधी विचारावं. पुष्कळ ठिकाणी चालत नाही.

पाण्यात उतरलो आणि दिवसभराचा शीण विरघळला. कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मी चांगला वीस-पंचवीस मिनिटं डुंबलो आणि झटकन उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या एका आजोबांनी दंड धरला, काठावर बसवलं आणि बाहेरून पाण्याचा पेला आणून दिला. मला जपानी येत नाही, त्यांना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. दोघेही उघडे. लाजायचं राहूनच गेलं!

झालं होतं असं, की गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावतात आणि एकदम उठलं की रक्तदाब घसरतो. जपानात दर हिवाळ्यात कितीतरी वृद्ध आंघोळ करताना दगावतात. म्हणून तिथे सल्ला देतात, की पाणी ४१ अंशांपर्यंतच असावं, दहा मिनिटांत बाहेर यावं, सावकाश उठावं, आधी आणि नंतर पाणी प्यावं, दारू पिऊन मुळीच उतरू नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं.

शाकाहारी मंडळींना आणखी एक सूचना. काही हॉटेलांत रात्री फुकट शेवयांचं गरम सूप देतात, सकाळी मिसो सूप असतं. दिसायला साधं, पण त्यात बहुधा मासळीचा किंवा मांसाचा अर्क असतो. भात, लोणचं आणि फळं मिळतात, त्यावर निभावतं.

परत आल्यावर आम्ही दापोलीजवळ उन्हवऱ्याच्या कुंडावर गेलो होतो. मी आधी बाहेर बसून बादलीभर पाण्यानं अंग घासलं. बायको म्हणाली, ''अहो, आंघोळीला आलात ना? मग आंघोळ करून कसले उतरताय?'' म्हटलं, ''आपल्यानंतर उतरणाऱ्यासाठी.''

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)