फ्लॅशला कॅमेऱ्यावरून खाली उतरवा

घरातलं मोठं माणूस गेलं की सगळीकडे निरोप देण्याच्या धांदलीतच कोणीतरी विचारतं, "चांगला फोटो आहे का?" मग सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात. फोटो हजारो असतात, पण आजीचा एकटीचा एकही नसतो. जो सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला. शेजारच्या मावशींचा खांदा कापलेला, समोरून फ्लॅश पडल्यानं कपाळ चकाकणारं आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत पांढरे ठिपके. आमच्या विजय नगरमधल्या ओळखीच्या घरांत हे इतक्यांदा पाहिलं, की मी ठरवलं, रविवारी सकाळी एकेका घरी जाऊन ज्येष्ठांचे फोटो काढायचे. पैसे नाहीत, पोहे-जलेबी चालेल.

या उद्योगात सर्वांत कामाला आलेली गोष्ट कॅमेरा नव्हे, लेन्सही नव्हे. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून काढून बाजूला ठेवणं, ही ती गोष्ट. आपल्या बऱ्याच घरांत कपाटात एक डीएसएलआर पडून आहे. दादाच्या इंजिनीअरिंगच्या वेळी घेतलेला, आता धूळ खाणारा. तरुण मंडळींनी तो बाहेर काढावा म्हणून हे लिहितो आहे.

समोरून पडणाऱ्या प्रकाशानं चेहरा पापडासारखा सपाट दिसतो. प्रकाश बाजूनं, थोडा वरून आला की नाक, गाल, हनुवटी यांना उठाव येतो आणि सुरकुत्यासुद्धा देखण्या दिसतात. खिडकीजवळ हे फुकट मिळतं. पण स्कीम ५४ किंवा ७४ मधल्या आपल्या घरांच्या खिडक्या आठवा. जाळी, ग्रिल, समोर दुसरी इमारत आणि मे महिन्यात दिवसभर ओढलेले पडदे.

तसा आपल्या इंदूरला या कलेचा वारसा जुना आहे. राजा दीनदयाल हे पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून गाजले, पण ते १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती धरला तो इथंच. त्या काळी सूर्याच्या वेळा पाळाव्या लागत. आपण सूर्य खिशात घेऊन फिरतो. अडचण एवढीच, की खिशातल्या सूर्याला लांबून "आता चमक" हे सांगायचं कसं?

सर्वांत जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे वायर. कॅमेऱ्याच्या हॉट शूला एक टोक, फ्लॅशला दुसरं. आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्याला चालणारी पूर्ण जोडणीची वायर घेतली, तर फ्लॅशचा ऑटोमॅटिक हिशेबही शाबूत राहतो. वेगळी बॅटरी नाही, चॅनेलची भानगड नाही. जुन्या वायरींवर 'पीसी' लिहिलेलं असतं, त्याचा कॉम्प्युटरशी काही संबंध नाही. प्रोंटर आणि कॉम्पूर या दोन जर्मन शटरांच्या नावांची ती आद्याक्षरं. तोटा उघड आहे. घरात नातवंडं पळत असतील तर कोणीतरी वायरीत पाय अडकवणार आणि स्टँडसकट फ्लॅश खाली येणार.

दुसरा उपाय प्रकाशानंच प्रकाश पेटवण्याचा. पुष्कळ स्वस्त फ्लॅशमध्ये एस-१ आणि एस-२ असे दोन मोड असतात. कॅमेऱ्याचा छोटा पॉप-अप फ्लॅश चमकला की बाजूचा मोठा फ्लॅश तो पाहतो आणि त्याच क्षणी चमकतो. यात नवशिक्यांना एक कोडं पडतं. दोन्ही फ्लॅश डोळ्यांना चमकलेले दिसतात, पण फोटोत मोठ्याचा प्रकाश नसतो. कारण ऑटोमॅटिक मोडमध्ये पॉप-अप आधी एक चाचणीची झलक मारतो. एस-१ त्या झलकीलाच भुलतो, एस-२ ती सोडून खऱ्या चमकीची वाट पाहतो. म्हणून पॉप-अप मॅन्युअलवर असेल तर एस-१, नाहीतर एस-२. निकॉनच्या डी९० किंवा डी७००० मालिकेतला कॅमेरा असेल तर आणखी चैन. त्याचा पॉप-अप निकॉनच्या फ्लॅशला लांबून हुकूम देऊ शकतो.

घरात हा उपाय छान चालतो. मेघदूत उपवनात भर उन्हात मात्र फ्लॅशच्या डोळ्याला काही दिसत नाही. आणि लग्नात तर नकोच. दुसऱ्या फोटोग्राफरच्या प्रत्येक क्लिकला तुमचा फ्लॅश चमकतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तुमची बॅटरी संपते.

तिसरा, आणि माझ्या मते आज सर्वांत शहाणा उपाय रेडिओ ट्रिगरचा. एक डबी कॅमेऱ्यावर, दुसरी फ्लॅशखाली. उजेड, भिंत, कोपरा काही आड येत नाही. गोडॉक्सचा सीटी-१६ हा यातला साधा गरीब गडी. तो फक्त "चमक" एवढंच सांगतो. फ्लॅशची ताकद कमी-जास्त करायची तर उठून फ्लॅशपर्यंत जायचं. एकाच खुर्चीवर बसलेल्या आजोबांसाठी तेवढं पुरे. पुढची पायरी म्हणजे रिसीव्हर आतच असलेला टीटी६०० सारखा मॅन्युअल फ्लॅश आणि त्याच कंपनीचा २.४ गिगाहर्ट्झचा ट्रिगर. मग ताकद कॅमेऱ्याजवळूनच बदलता येते. खर्च वाढतो, पण मोठ्या कंपन्यांच्या एका फ्लॅशच्या किमतीत बहुधा दोन्ही येतात. किमती रोज बदलतात, तेव्हा आकडा दुकानातच विचारा.

खरेदीआधी दोन गोष्टी नक्की बघा. पहिली, कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये मधोमध धातूचा गोल ठिपका आहे का. फ्लॅश पेटवण्याचा संकेत तिथूनच जातो. कॅननने ३००० डी, १५०० डी आणि २०० डी मार्क टू या आपल्याकडे खूप खपलेल्या मॉडेलांमध्ये तो ठिपका काढून टाकला. सीटी-१६ सारखा साधा ट्रिगर अशा कॅमेऱ्यावर मुका राहतो. स्वस्त कॅमेरा घेणाऱ्यालाच स्वस्त ट्रिगर लागतो, आणि नेमकी त्याचीच वाट बंद केली, हे मला अजिबात पटलेलं नाही. अशा कॅमेऱ्यावर पॉप-अप आणि एस-२ ही जोडी वापरा, किंवा मधल्या ठिपक्याशिवाय चालतो असं स्पष्ट लिहिलेला कॅननसाठीचाच ट्रिगर घ्या.

दुसरी गोष्ट काकांच्या जुन्या फ्लॅशची. फिल्मच्या जमान्यातल्या काही फ्लॅशच्या टोकांवर दोनशेहून अधिक व्होल्ट असतात. तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेरा जळू शकतो. फ्लॅश चार्ज करून मल्टिमीटरनं मोजून घ्या आणि तो आकडा कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. ट्रिगरचीही अशी मर्यादा असते. मोबाइलवाल्यांसाठी एक खुलासा. फोनचा 'फ्लॅश' म्हणजे एलईडीचा दिवा, आणि साधा फोन या ट्रिगरांशी बोलत नाही. तिथं सतत जळणारा एलईडी पॅनेलच बरा.

बाकी सामान घरात असतंच. फ्लॅशसमोर पांढरं धोतर किंवा पंचा एकपदरी ताणून धरला की प्रकाश मऊ होतो. कापड फ्लॅशपासून हात-दीड हात लांब हवं, चिकटून नको. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखरातली उरलेली थर्माकोलची शीट उभी करा, सावली हलकी होईल. चष्मा असेल तर फ्लॅश आणखी वर आणि बाजूला सरकवा, काचेतला ठिपका निघून जातो. बाजूच्या मऊ प्रकाशाला आजी डोळेही मिटत नाहीत.

सुरुवातीला शटर १/१६० ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलं की शटरचा पडदा पूर्ण उघडलेला नसतानाच फ्लॅश चमकतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. आयएसओ २००, अ‍ॅपर्चर ५.६, फ्लॅशची ताकद १/१६, कापड चेहऱ्यापासून साडेतीन फुटांवर. इथून थोडं खालीवर करा. ही जुळवाजुळव नातवाला खुर्चीत बसवून आधीच उरका. आजोबांचा धीर दहा मिनिटांचा असतो, आणि त्यातली चार टोपी नीट करण्यात जातात.