43 फुटांच्या अलीकडचं पाणी

जुलै उजाडला की कोल्हापुरात एकच प्रश्न सगळीकडे कानावर येतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? उत्तर फूट-इंचांत येतं आणि ऐकणारा लगेच मनात हिशोब करतो. 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सांगलीकरांचे आकडे वेगळे. तिथे आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर इशारा देते आणि 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत हे पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी 55 फूट ओलांडले.

हा आकडा लाख मोलाचा आहे. त्याच्यावरच नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायची कधी ते ठरवतात. पण तो गावासाठी आहे. पाण्यात पाय घालणाऱ्या एकट्या माणसाला, बंधाऱ्यावरून मोटारसायकल काढणाऱ्याला किंवा नावेत बसणाऱ्याला तो आकडा पुरत नाही, आणि ‘अजून 43 झाले नाहीत’ एवढ्या भरवशावर पाण्यात उतरणं जिवावर बेतू शकतं.

आधी हा आकडा येतो कसा ते पाहू. 43 फूट म्हणजे नदी 43 फूट खोल, असं नव्हे. मोजपट्टीचा शून्य त्या-त्या ठिकाणी ठरवलेला असतो, आणि तिथून पाण्याचा पृष्ठभाग किती वर आहे एवढंच ती सांगते. म्हणून राजारामचे 43 आणि आयर्विनचे 45 शेजारी ठेवून कोणती नदी मोठी ते ठरवता येत नाही. आता अनेक पुलांवर रडारचे संवेदक बसवले आहेत. पुलाखालून पाण्याकडे लहरी सोडायच्या, त्या पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून अंतर काढायचं. यंत्र पाण्याला स्पर्शही करत नाही, त्यामुळे वाहून येणारे ओंडके त्याचं काही बिघडवत नाहीत.

पातळी मोजणं त्या मानानं सोपं. खरं कष्टाचं काम आहे प्रवाह मोजण्याचं, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी जातं ते काढण्याचं. मोजणारी माणसं पुलावरून तारेनं एक प्रवाहमापक खाली सोडतात. त्याला छोट्या वाट्यांचं चक्र असतं, ते पाण्यानं फिरतं आणि ठरावीक वेळात किती फेरे झाले त्यावरून वेग कळतो. खाली माशाच्या आकाराचं शिशाचं जड वजन लावलेलं असतं, नाहीतर पूर त्या यंत्राला आडवं करून टाकेल. नदीचे उभे पट्टे कल्पून प्रत्येक पट्ट्यात हे करायचं. पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवरचा वेग त्या पट्ट्याच्या सरासरी वेगाच्या जवळ असतो, म्हणून खोली मोजून नेमकं तिथं यंत्र धरायचं. भर पावसात, थरथरणाऱ्या पुलावर उभं राहून हे करणाऱ्यांचं नाव कुठे छापून येत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुराचा प्रत्येक अंदाज त्यांच्या नोंदींवर उभा असतो.

अशा पुष्कळ मोजण्या झाल्या की पातळी आणि प्रवाह यांचा आलेख तयार होतो. मग रोज यंत्र सोडावं लागत नाही, पातळी पाहून प्रवाह सांगता येतो. पण हा आलेख सरळ रेषा नसतो आणि इथेच इंचाची किंमत बदलते. नदी पात्रात असते तोवर थोडं पाणी वाढलं तरी पातळी भराभर चढते. पात्राबाहेर पडून उसात पसरली की तेवढ्याच इंचासाठी कितीतरी जास्त पाणी लागतं. म्हणून 20 फुटांवर वाढलेला एक इंच आणि 43 फुटांवर वाढलेला एक इंच यांना एकाच मापानं मोजू नये. वर गेल्यावर ‘तासाला इंचभरच वाढतंय’ म्हणून निश्चिंत होणं घातक आहे.

आणखी एक गुंता फुगवट्याचा. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतःच भरलेली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. मग पाऊस थांबून ऊन पडलं तरी पूर हलत नाही. त्यातच पूर चढताना 40 फुटांवर जेवढं पाणी वाहतं, उतरताना त्याच 40 फुटांवर त्याहून कमी वाहतं, कारण चढत्या पुरात पाण्याच्या पृष्ठभागाला उतार अधिक असतो. म्हणजे आकड्याबरोबर ‘चढतंय की उतरतंय’ हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. नदीकाठची जुनी माणसं नेमकं हेच आधी विचारतात.

वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्याचाही असाच गुंता. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते पाण्याच्याच दाबानं उघडतात. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक विसर्ग होतो, अशी बातमी दरवर्षी येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. म्हणजे एका दरवाज्यातून दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर रिकामे होतात. खाली भोगावतीच्या काठी त्या वेळी पाऊस नसेल, आभाळही उघडलेलं असेल, तरी पाणी चढणारच. आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून नदीचा अंदाज बांधू नये तो याचसाठी.

आता माणसाच्या मापाचं पाणी. वाहतं पाणी पायांवर जो जोर लावतं तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट. मोठ्या माणसाच्या दोन पायांवर गुडघाभर पाणी असेल आणि ते सेकंदाला एक मीटर वाहत असेल तर साधारण साडेसात किलो वजनाइतका रेटा बसतो. तो पेलतो. दोन मीटर वेगाला तोच रेटा तीस किलो होतो आणि तीन मीटरला जवळपास सत्तर. पायाखाली शेवाळलेला स्लॅब असेल तर पहिलवानही उभा राहणार नाही. पाणी तेवढंच, गुडघाभर. काठावरून पाहणाऱ्याला या तिन्हींतला फरक कळत नाही, कारण डोळा खोली पाहतो.

वेगाचा अंदाज मात्र सुरक्षित जागी उभं राहून घेता येतो. काठावर दहा मीटरचं अंतर मनाशी धरा आणि वाहत येणारी काटकी ते किती सेकंदांत कापते ते मोजा. पाच सेकंद लागले तर पृष्ठभागावरचा वेग दोन मीटर. एवढ्यावरून पाय मागे घ्यावा.

चारचाकीची गत तर याहून वाईट. छोट्या गाडीचा तळ सुमारे पाच चौरस मीटरचा असतो. पाणी तळाला टेकल्यानंतर दर दहा सेंटिमीटरला ते गाडीला पाचशे किलोनं वर उचलतं. गाडी आठशे किलोची आणि तळ जमिनीपासून सतरा सेंटिमीटर वर धरला, तर एक फुटाच्या थोडं वर पाणी आलं की चाकांची पकड सुटते. मग स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही.

आणि आता बंधारे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही या जिल्ह्यानं राज्याला दिलेली मोठी गोष्ट. पावसाळ्याआधी पाणी अडवणारे बरगे काढायचे, पाऊस सरला की घालायचे आणि उन्हाळ्याचं पाणी अडवायचं. पण त्याचा वरचा स्लॅब गावांसाठी जवळचा रस्ताही झाला. हे बंधारे इशारा पातळीच्या पुष्कळ आधी पाण्याखाली जातात, राजाराम बंधारासुद्धा. स्लॅबवरून पाणी वाहू लागलं की त्याची कड दिसेनाशी होते. त्याहून वाईट आहे ते पलीकडे. बंधाऱ्यावरून कोसळणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर उसळतं आणि पृष्ठभागावर उलटं, बंधाऱ्याकडेच वाहतं. त्यात पडलेला माणूस पुनःपुन्हा खाली ओढला जातो. पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळल्यामुळे ते हलकं झालेलं असतं, त्यामुळे तरंगणंही अवघड. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून सुटणं कठीण आहे. वरून मात्र तिथे फक्त फेस दिसतो.

नावेबद्दल बोलताना ब्रह्मनाळचं नाव घ्यावंच लागतं. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या या गावातून पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि 17 जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पुरात अडकलेल्याला ‘पुढच्या खेपेला या’ म्हणणं किती कठीण असेल हे समजतं. तरीही ते म्हणावंच लागतं, कारण बोटीची कड पाण्याच्या जितकी जवळ येते तितकी ती एका बाजूला माणसं सरकताच पाणी घेते. गुळाच्या काहिलीतून पूर ओलांडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

माणसाचं शरीर पाण्यात जवळपास तरंगतंच. डोकं वर ठेवायला मोठ्या माणसाला तीन ते साडेपाच किलोचा जादा आधार पुरतो. लाइफ जॅकेट एवढंच काम करतं, पण ते अंगावर पट्टे आवळून घातलेलं हवं, बोटीच्या तळाशी पडलेलं नको. जॅकेट नसेल तर झाकण घट्ट लावलेले पाच लिटरचे दोन रिकामे कॅन छातीशी बांधावेत. पूर्वी पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधत, त्यामागचं विज्ञान हेच.

केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ हे ॲप 2023 पासून मोबाइलवर मिळतं आणि त्यात देशभरच्या केंद्रांची पातळी पाहता येते. ते घ्याच. पण तुमच्या गावच्या ओढ्यावर कोणाचं केंद्र नसतं. तिथे ग्रामपंचायतीनं बंधाऱ्याच्या किंवा पुलाच्या खांबावर फूट रंगवून घ्यावेत आणि स्लॅबला पाणी टेकायच्या आधीच दोन्ही बाजूंना साखळी लावावी. एक डबा रंग आणि दोन साखळ्या एवढाच खर्च आहे. मे महिन्यातल्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि अडचणीत जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे, तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा.