सोवळ्यातून शुश्रूषेकडे : लक्ष्मीबाई टिळक

'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्यांना लक्ष्मीबाईंचा हसरा सूर आठवतो. त्यांनी केलेल्या रुग्णसेवेची आठवण मात्र फारसं कुणी काढत नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली कडक सोवळ्याच्या घरात जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लग्नानंतर काही काळ नागपुरात संसार झाला. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि दोघांची ताटातूट झाली, तीही वर्षानुवर्षं. नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. मग जातिभेद माणसाचाच, देवाचा नव्हे, हे त्यांना आतून पटलं आणि सोवळं सुटलं ते कायमचं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या श्रद्धेनं.

हीच बाई पुढे नगरच्या प्लेगमध्ये रोग्यांच्या उशाशी बसली! एकेकाळी दुसऱ्याच्या हातचं पाणी न पिणारी. मला त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा प्रवास वाटतो.

घरात मुलगा दत्तू, मानलेली मुलगी तारा, शिवाय किती तरी पोरकी मुलं. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. १९३६ मध्ये त्या गेल्या. पुढे 'स्मृतिचित्रे'चं साक्षेपी संपादन केलं ते त्यांच्या नातवानं, अशोक टिळकांनी.