उभ्याने भजन

वऱ्हाडातील घराघरांत वृद्धांना मान देण्याची जी जुनी आणि निःसंशय सुंदर रीत आहे, तिचा पहिला भाग म्हणजे आलेल्या वृद्धासाठी सतरंजी अंथरणे किंवा खुर्ची पुढे करणे, आणि दुसरा भाग म्हणजे त्याने उठून एखाद्या कामाला हात लावला की चहूकडून एकच गलका होणे, "बसा ना आबाजी, तुमाले काय करा लागते आता!" या आर्जवात प्रेम आहे, कृतज्ञता आहे, आणि म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातून कपबशी फुटेल अशी थोडी धास्तीही आहे. परंतु वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या वैद्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे काही मांडले आहे, ते समजून घेतल्यावर असे म्हणणे भाग पडते की, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे ज्या गोष्टींनी हळूहळू आणि कोणाच्याही नकळत अहित होते, त्यांत या प्रेमळ बसवून ठेवण्याचा क्रमांक पुष्कळच वरचा लागेल.

देहाची क्षीणता मोजता येते, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप फारशी रुळलेली नाही. अमेरिकेतील लिंडा फ्रीड या वैद्यविदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह २००१ साली या क्षीणतेची पाच लक्षणे नमूद केली: मुद्दाम प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा अधिक वजन उतरणे, सदाचा थकवा, मुठीची पकड ढिली पडणे, चाल मंदावणे आणि एकंदर हालचाल घटणे. यांपैकी तीन वा अधिक लक्षणे ज्याच्या ठिकाणी आढळतील तो इसम क्षीण समजावा, आणि एक-दोन आढळतील तो त्या वाटेला लागला आहे असे समजावे. पुढे २०१३ साली फ्रान्समधील तुलूझ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी असे ठरविले की, ही देहक्षीणता आणि तिच्या जोडीला बुद्धीचे सौम्य मांद्य ही दोन्ही एकाच माणसात नांदत असतील, पण स्मृतिभ्रंशाचा म्हणजे डिमेन्शियाचा पक्का रोग मात्र जडलेला नसेल, तर त्या अवस्थेची निराळी दखल घ्यावी. 'कॉग्निटिव्ह फ्रेल्टी' हे तिचे शास्त्रीय नाव; येथे तिला बोधक्षीणता म्हणू.

निराळी दखल घेण्यास सबळ कारण होते. नुसती देहक्षीणता किंवा नुसते विस्मरण यांपेक्षा ही जोडगोळी अधिक घातक असून ती पडणे, अंथरुणाला खिळणे आणि पुढे स्मृतिभ्रंश होणे यांकडे माणसास लवकर नेते. मात्र तिच्यातून काही अंशी मागे फिरता येते, जे पुढच्या अवस्थेतून बहुधा येत नाही. आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' एवढा शेरा मारून प्रकरण दाखल दप्तर करतो. देशात साठीपुढील माणसांपैकी शेकडा ७.४ जणांस, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांस, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज 'लासी' या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे केलेल्या अभ्यासातून २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. त्या ८८ लाखांपैकी कित्येकांचे हे दप्तर दहा वर्षे आधी उघडून पाहण्याजोगे असेल!

नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी कोषागाराच्या अथवा बँकेच्या व्हरांड्यात जी निवृत्त मंडळी जमतात, त्यांच्याकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. एखादे निवृत्त गुरुजी काखेत कागदांची पिशवी धरून चांगले तुरुतुरु चाललेले असतात, तेवढ्यात मागून कोणीतरी विचारतो, "काय गुरुजी, कापूस काय भावानं देला औंदा?" गुरुजी थांबतात. पाय जागच्या जागी रोवून, मान वळवून, भाव सांगून होतो, आणि मग पुन्हा चालणे सुरू होते. पाहणाऱ्यास हा शिष्टाचार वाटेल, आणि कित्येकदा तो तसा असतोही. पण स्वीडनमधील लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट टिपून १९९७ साली एक लहानसा, परंतु फार गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. वृद्धनिवासातील ५८ जणांशी चालता चालता बोलणे काढले असता १२ जण बोलण्यासाठी थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढील सहा महिन्यांत पडले.

याचा अर्थ असा की, तरुणपणी ज्या चालण्याकडे मनाला ढुंकूनही पाहावे लागत नाही, ते चालणे उतारवयात मनाचा मोठा हिस्सा मागू लागते. देह आणि बुद्धी हे एकाच जुवाला जुंपलेले दोन बैल आहेत. एक थकला की दुसऱ्याच्या मानेवर ओझे येते, आणि दोन्ही थकले असता तासातून बाहेर जाण्यास एवढासा खळगाही पुरतो. मग व्यायाम द्यावयाचा तो एकेकट्यास का द्यावा? सकाळी मैदानाला चार फेऱ्या आणि दुपारी वर्तमानपत्रातील शब्दकोडे, असा वेगवेगळा रतीब घालण्यापेक्षा दोघांना एकत्र राबविणारे काही आहे काय, असा प्रश्न विचारला की उत्तर संगीताकडे जाते.

जिनिव्हा शहरात एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) या नावाचे एक संगीतशिक्षक होऊन गेले. आपले विद्यार्थी स्वरलिपी वाचतात, पण लय त्यांच्या अंगात भिनलेली नाही, हे पाहून त्यांनी त्यांना संगीतावर चालावयास लावले, आणि त्यातून एक संपूर्ण शिक्षणपद्धतीच उभी राहिली. ती मुळात विद्यार्थ्यांसाठी होती. शंभर वर्षांनी त्याच शहरातील वैद्यांनी ती ६५ वर्षांपुढील, पडण्याचा धोका असलेल्या १३४ जणांवर योजून पाहिली. आठवड्यातून एक तास, सहा महिने, एवढाच बेत. पियानोवादक ऐनवेळी सुचेल तसे वाजवी. मंडळी त्या ठेक्यावर चालत. लय बदलली की पावले बदलावयाची, अमुक खूण ऐकू आली की थांबावयाचे, दिशा फिरवावयाची, हातातील वस्तू सांभाळावयाची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणे या गटातील पडण्याचे प्रमाण प्रतीक्षेत ठेवलेल्या दुसऱ्या गटाच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले, आणि चालता चालता दुसरे काम करताना पाऊल अधिक स्थिर पडू लागले. आठवड्याला एका तासाच्या मानाने हा लाभ थोडा म्हणता येणार नाही. बुद्धीच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊन बोलावे हे बरे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढील ४६९ जणांचा जो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात शारीरिक विरंगुळ्यांपैकी एकट्या नृत्याशी स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याचा संबंध आढळला खरा. परंतु ज्याची बुद्धी शाबूत तोच नाचावयास जातो, हीही शक्यता उरतेच. तेव्हा टाळ वाजविल्याने स्मृतिभ्रंश टळतो अशी जाहिरात कोणी केली तर तीवर विश्वास ठेवू नये.

लय नेमके काय करते? पाऊल केव्हा टाकावयाचे याचा काळ मेंदूच्या अंतर्भागातील काही चेतापुंज आतल्या आत मोजीत असतात. ते शिणले की चाल अडखळते. अशा वेळी बाहेरून कानावर पडणारा ठेका त्या मोजणीचे काम अंगावर घेतो, आणि कानाचा व स्नायूंचा संबंध इतका निकटचा आहे की पाऊल आपोआप त्या ठेक्याला जाऊन मिळते. कंपवाताच्या रुग्णांत हा परिणाम विशेष ठळक दिसतो, आणि पुण्यात नृत्यकार हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविल्याचे पुष्कळांस ठाऊक आहे. दुसरी गोष्ट स्मृतीची. ओळखीच्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागांत वसते, ते भाग अल्झायमरच्या रोगातही तुलनेने उशिरा झिजतात, असे २०१५ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखविले. आज वार कोणता हे ज्या आजीला सांगता येत नाही, तिला भुलाबाईचे गाणे सुरू करून द्यावे. कोणाच्या मागून कोण येतो, कोणता दागिना कोणाने आणला, तो सगळा क्रम ती न चुकता पुरा करील.

भुलाबाईचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबले पाहिजे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतचा हा महिना अमरावती-अकोल्याकडच्या ज्या स्त्रियांनी बालपणी घरोघर हिंडून साजरा केला, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. टिपऱ्यांचा ठेका धरावयाचा, गाणे लांबवीत न्यावयाचे, आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून आतला खाऊ ओळखावयाचा. हात, कान, स्मृती आणि तर्क या चौघांनाही एकाच वेळी कामाला लावणारा असा कार्यक्रम एखाद्या तज्ज्ञ समितीने बसून आखला असता, तर त्यावर जाडजूड अहवाल निघाला असता. पण आता आजी पाटावर बसून कौतुक करतात आणि नाती हातातल्या फोनवर पाहून गाणी म्हणतात.

पुरुषांची गोष्टही निराळी नाही. यावलीस १९०९ साली जन्मलेल्या आणि मोझरीस गुरुकुंज स्थापन करणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने जी भजनाची आणि सामुदायिक प्रार्थनेची वहिवाट गावोगाव घालून दिली, तिच्यामुळे वऱ्हाडात लयीची कधी टंचाई पडलेली नाही. संध्याकाळी प्रार्थनेला ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणे, दहा माणसांत मिसळणे, पाठ केलेले शब्द एका सुरात म्हणणे, याचे मोल एकाकी वृद्धास किती आहे हे कोणी सांगावयास नको. परंतु भजनाला माणूस मांडी घालून बसतो. दोन दोन तास बसतो! वारकऱ्यांची पाऊली पाहिली म्हणजे उणीव काय ती ध्यानात येते: गळ्यात टाळ, एक पाऊल पुढे, एक मागे, मध्येच गिरकी, मध्येच वाकणे, शेजाऱ्याशी पाऊल जुळविणे, आणि मुखाने अभंग चालूच. कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची किंवा शेगावची पालखी निघते तेव्हा त्या दिंडीत साठीपुढील किती माणसे असतात! तीच माणसे गावी परतली की पुन्हा सतरंजीवर बसतात. सारांश, आपल्याकडे संगीत विपुल, पण देहाची आणि त्याची फारकत झालेली; भजनी मंडळाने निदान शेवटची दोन भजने उभ्याने म्हणावी, इतकी लहान दुरुस्तीही बरेच काही साधून जाईल.

अमरावतीस तर याहून अधिक करता येण्याजोगे आहे. येथे वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला, आणि त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. देशी व्यायामाची अशी शतकाहून जुनी परंपरा असलेल्या शहरात लेझीम ही काही नवी ओळख करून देण्याची वस्तू नाही. आजचे पुष्कळसे वृद्ध शाळेत लेझीम शिकलेले आहेत. हातात लाकडी दांडा आणि चकत्यांची साखळी दिली की पहिल्या चार खणखणाटांतच त्यांचा खांदा जुन्या वळणावर येतो. लेझीमेचा अभ्यासक्रम पायरीपायरीने चढणारा आहे. हिंदुस्थानी लेझीमेत आधी 'चार आवाज', तेथे पाय स्थिर आणि हातच चालतात. मग 'एक जगह', 'आदि लगाव', 'पवित्रा', आणि 'दो रुख' येईपर्यंत पाय, कंबर आणि दिशा सर्वच बदलू लागतात. घाटी लेझीमेत 'आठ आवाज' आणि मग 'बैठक'. हुकूम ऐकावयाचा, मागचा हुकूम विसरावयाचा, आकडे मोजावयाचे आणि तोल सांभाळावयाचा, हीच ती जिनिव्हाची विद्या. पियानोऐवजी येथे खणखणाट आहे एवढाच फरक. फलांग म्हणजे उडी मात्र अजिबात नको, बैठकीऐवजी खुर्चीवरून उठणे-बसणे घ्यावे, आणि मागे भिंत किंवा शेजारी एखादा तरुण असावा.

पथ्येही सांगितली पाहिजेत. विस्मरण हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने, थायरॉइडच्या मांद्याने, खिन्नतेने किंवा नुसते ऐकू कमी येण्यानेही होते, तेव्हा आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. श्रवणयंत्र न लावता बसलेल्या माणसास ठेका कोठून कळणार? उठताच घेरी येणाऱ्याने आधी खुर्चीत बसून हात-पाय हलवावे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने बलवानासही अर्ध्या शक्तीचाच व्यायाम सांगितला आहे, हे ज्याला गुडघेदुखी आहे त्याने तर विसरूच नये. नुसत्या ठेक्याने स्नायू भरत नाहीत. पासष्टीपुढील माणसाने आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, आणि भाकरी नुसत्या चहात कुस्करून खाणाऱ्यास वरण-उसळीची जोड दिल्याशिवाय तो व्यायाम अंगी लागावयाचा नाही. आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात हे सर्व सूर्य वर येण्यापूर्वीच उरकले पाहिजे.

राहता राहिला वाजविणारा. ध्वनिमुद्रित गाणी लावून भागेल असे ज्येष्ठ नागरिक संघातील हिशेबी मंडळी म्हणतील. पण मुद्रित ठेका कोणासाठी थांबत नाही. आरंभी प्रत्येकाची स्वतःची चाल मिनिटाला किती पावलांची आहे ते मोजून ठेका तिच्याशी जुळवावा लागतो, काही दिवसांनी तो शेकडा पाच-दहाने वाढवावा लागतो, आणि मागच्या रांगेतील एखाद्याला धाप लागली तर तो तत्क्षणी उतरवावाही लागतो. हे डोळे उघडे ठेवून वाजविणाऱ्या जिवंत माणसाचे काम आहे. वऱ्हाडात लग्नसराईत डफडे वाजविणारी, ढोलकीवर बोट ठरलेली माणसे गावोगाव आहेत, आणि लग्नसराई सरली की पुष्कळांचे हात रिकामे असतात. आठवड्यातून तीन सकाळच्या त्यांच्या बिदागीची तजवीज संघाच्या वर्गणीतून झाली पाहिजे, आणि ती बिदागी लग्नातल्यापेक्षा कमी असता कामा नये.