प्रिंटर निवडा... पण स्क्रिप्टनं!

इमॅजिन करा, सिन्नरची माळेगाव एमआयडीसी, संध्याकाळचे सात. गेटवर भरलेला ट्रक उभा, ड्रायव्हरचा दुसरा चहाही संपलाय. डिस्पॅचवाला बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रिंट' दाबतो आणि इनव्हॉइस निघतं थेट वरच्या मजल्यावर, अकाउंट्सच्या लेझर प्रिंटरवर. ते ऑफिस सहालाच बंद झालेलं!

जीएसटीत मालाच्या इनव्हॉइसच्या तीन प्रती लागतात : एक घेणाऱ्याची, एक ट्रान्सपोर्टरची, एक आपली. एका फटक्यात तिन्ही काढायला डॉट मॅट्रिक्ससारखा गडी नाही. तेव्हा कागद कुठल्या मशीनवर पडतो, हा प्रश्न किरकोळ नाही. माल गेटबाहेर पडणार की नाही, ते यावर ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सॉफ्टवेअर टेस्ट केलंच नव्हतं का? केलं असेल ना! पण पुण्यात किंवा नाशकात एसीत बसलेल्या टेस्टरकडे एकच प्रिंटर. स्क्रिप्ट पण कशी? प्रिंटची खिडकी उघड, डाऊन ॲरो दोनदा, एंटर. यादीत एक प्रिंटर वाढला की स्क्रिप्टचा पोपट! आणि वाईट म्हणजे ती फेल होत नाही, चुकीच्या प्रिंटरवर छापून वर हिरवा टिक देते.

फंडा सिंपल आहे : प्रिंटर जागेवरून नाही, नावावरून पकडा. ऑटोइट १९९९ पासून फुकट मिळतं, पायथनवाल्यांना पायविनऑटो आहे. दोन्ही यादीतलं नाव वाचून निवडू शकतात. त्याहून सोपं म्हणजे खिडकीच्या भानगडीत न पडता पॉवरशेलनं डिफॉल्ट प्रिंटर आधीच बदलायचा. मात्र ॲप्लिकेशन उघडण्यापूर्वी, कारण बरीच सॉफ्टवेअर्स सुरू होतानाच डिफॉल्ट वाचतात आणि मग तेच धरून बसतात. जुन्या व्हीबीस्क्रिप्टमध्येही हे एका ओळीत व्हायचं, पण मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्येच तिला निवृत्तीची नोटीस दिलीय. नवीन काम तिच्यात सुरू करू नका.

विंडोजचा आगाऊपणा

विंडोज १० मध्ये २०१५ च्या शेवटी एक सोय आली : शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट. घरी मस्त, टेस्टिंगमध्ये डोक्याला शॉट! स्क्रिप्टनं ठरवलेला प्रिंटर पुढच्या प्रिंटला गायब. टेस्टच्या मशीनवर ही सेटिंग आधी बंद करा.

दुसरी गंमत रिमोट डेस्कटॉपची. पुण्यातून सिन्नरच्या सर्व्हरवर लॉगिन केलंत की तुमचा प्रिंटरही सोबत जातो. त्याच्या नावापुढे 'रीडायरेक्टेड' आणि सेशनचा नंबर चिकटतो. आज ३, उद्या ७. पूर्ण नाव जुळवणारी स्क्रिप्ट इथे आपटते, म्हणून नावाची फक्त सुरुवात जुळवायची.

कागद वाचवायचा तर 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आहेच. पण तो दर वेळी फाइलचं नाव विचारतो आणि रात्री सुटलेली स्क्रिप्ट सकाळपर्यंत तिथेच ताटकळते. उपाय : प्रिंटरला लोकल पोर्ट म्हणून थेट फाइलचा पत्ता द्या, प्रश्नच येत नाही. मग टेस्टमध्ये ती फाइल तयार झाली का आणि इनव्हॉइस नंबर बरोबर आहे का, एवढं तपासा. नुसतं 'प्रिंट दाबलं, एरर नाही' याला टेस्ट म्हणू नका राव!

अजून एक केस बहुतेक जण विसरतात. ठरलेला प्रिंटरच सापडला नाही तर? सॉफ्टवेअरनं गुपचूप दुसरा निवडायचा की थांबून विचारायचं? माझं मत थांबण्याला. स्क्रिप्टनं तो प्रिंटर मशीनवरून काढायचा, 'प्रिंट' दाबायचं आणि मेसेज येतो का ते बघायचं.

राहिला डॉट मॅट्रिक्स. १० बाय १२ च्या जोडकागदावर तिसऱ्या बिलाला ओळी खाली सरकतात का, हे कुठलीच पीडीएफ सांगणार नाही. त्यासाठी एकदा सिन्नरची गाडी पकडा, डिस्पॅचच्या टेबलाशी उभे राहा आणि सलग दहा बिलं काढून बघा.