'ग्रुपवर टाकलंय, लगेच बघा': कामाच्या मेसेजमधून कामाला वेळ कसा काढायचा?

'अतितात्काळ. सोबतच्या तक्त्यात माहिती आजच दुपारी ४ पर्यंत सादर करावी. माहिती नसल्यास निरंक कळवावे.'

सरकारी कामाशी संबंधित एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुम्ही असाल, तर या धाटणीचा मेसेज ओळखीचा वाटेल. त्यानंतर काय होतं, तेही माहीत असेल. पुढच्या तासाभरात एकामागोमाग एक 'निरंक', 'निरंक', 'ओके सर' असे मेसेज येतात. कुणी नुसता अंगठा दाखवतं. कुणाकडे तक्ताच उघडत नाही. मग ज्यांनी उत्तर दिलेलं नाही त्यांची यादी ग्रुपवर पडते आणि शेवटी फोन सुरू होतात. खासगी नोकरीत शब्द बदलतात, 'निरंक'च्या जागी 'नोटेड' येतं, एवढाच फरक.

या सगळ्यातून वेळ वाचवण्यासाठी इंटरनेटवर सल्ल्यांची कमी नाही. फोन सायलेंटवर ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, सकाळचे दोन तास कुणाचाही कॉल घेऊ नका. पण हे सल्ले ज्यांच्यासाठी लिहिलेले असतात, त्यांच्या कामात फोन न उचलल्याने फारसं बिघडत नाही. ज्यांच्या कामात बिघडतं, त्यांनी काय करायचं? सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

जतमध्ये फोन बंद का ठेवता येत नाही?

जत हा क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका. शंभराहून जास्त गावं, विरळ वस्ती, वाड्या एकमेकींपासून लांब. पूर्वेकडे उमदी, संखपर्यंत गेलं की कर्नाटकची हद्द जवळ येते आणि अनेक घरांत बोलायची भाषा कन्नड असते. अंतर इतकं मोठं की संखला वेगळं अप्पर तहसील कार्यालय करावं लागलं. अशा ठिकाणी फोन ही चैन नाही. ज्या निरोपासाठी पूर्वी माणूस अर्धा दिवस एसटीने फिरायचा, तो निरोप आज मिनिटात पोचतो.

त्यात जत हा दुष्काळी तालुका. टंचाईच्या वर्षी टँकर कुठे पोचला, कुठली खेप चुकली, कुठल्या वस्तीवर पाणी आलंच नाही, हे सगळं ग्रामसेवकाच्या फोनवर येतं. (२०२४ पासून ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आणि तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी. फोन मात्र जुन्याच नावाने येतात.) अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांच्या पंचनाम्यासाठी तलाठ्याला फोन. रात्री कुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या की १०८ वर फोन करतानाच आशाताईलाही फोन. यातला एकही फोन 'नंतर बघू' म्हणण्यासारखा नसतो.

अडचण अशी की टँकर न आल्याचा मेसेज, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि 'निरंक' हे तिन्ही एकाच घंटीने येतात. स्क्रीन उघडल्याशिवाय कुठला कोणता ते कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी स्क्रीन उघडावीच लागते.

'तात्काळ' तयार कुठे होतं?

मेसेज पाठवणाऱ्या साहेबांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण तालुक्याच्या अधिकाऱ्याचा फोनही असाच वाजत असतो. एखादी माहिती मंत्रालयातून मागवली जाते. ती पुण्याच्या विभागीय कार्यालयात येते, तिथून सांगलीला, सांगलीहून जतला आणि जतहून गावात. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपल्याकडची माहिती एकत्र करायला थोडा वेळ हाताशी ठेवतो आणि खालच्याला तेवढी कमी मुदत देतो. वरून निघताना दोन दिवसांची असलेली मुदत गावात पोचेपर्यंत दोन तासांची होते, ती अशी. यात कुणाचा दुष्ट हेतू असायची गरज नाही.

पूर्वी हाच प्रवास टपालाने व्हायचा आणि टपालाला लागणारा वेळ सगळ्यांनाच मान्य करावा लागायचा. व्हॉट्सअ‍ॅपने तो वेळ शून्यावर आणला. शिवाय मेसेज पाठवायला काहीच लागत नाही, हेही महत्त्वाचं. दोनशे जणांच्या ग्रुपवर एक ओळ टाकायला पाठवणाऱ्याची दहा सेकंदं जातात. ती वाचायला प्रत्येकाचं एकच मिनिट गेलं असं धरलं, तरी दोनशे मिनिटं होतात, म्हणजे तीन तासांहून जास्त. हा खर्च कुठल्याही हजेरीपटावर दिसत नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर एकट्या-दुकट्या चॅटमध्ये निळ्या टिक बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. आपण टाकलेला मेसेज कुणी वाचला आणि कुणी नाही, याची यादी ग्रुपमध्ये पाठवणाऱ्याला दिसते. त्यामुळे 'बघितलंच नव्हतं' म्हणण्याची सोयही उरत नाही.

शासनाचा नियम काय सांगतो? जुलै २०२१ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कार्यालयांतल्या मोबाइल वापराबद्दल सूचना काढल्या. कामासाठी शक्यतो लँडलाइन वापरा, मोबाइलवर हळू बोला, शक्य असेल तिथे मेसेजवर भागवा, असं त्यात होतं. पण लोकप्रतिनिधी आणि वरिष्ठांचे फोन विनाविलंब घ्यावेत, हेही त्यातच होतं. फोन कसा वापरायचा ते सांगितलं गेलं. वरून किती फोन करायचे, यावर त्यात काही नव्हतं.

मधेच थांबल्याने नेमकं काय बिघडतं?

'काम मोडलं की लक्ष परत यायला २३ मिनिटं १५ सेकंद लागतात' हे वाक्य तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. ते ज्यांच्या नावावर खपवलं जातं, त्या ग्लोरिया मार्क कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधिका. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कार्यालयातल्या लोकांच्या शेजारी बसून त्यांचा दिवस नोंदवला होता. त्यातून दिसलं ते थोडं वेगळं आहे. मोडलेल्या कामाकडे माणूस त्याच दिवशी परतला, तर परतेपर्यंत सरासरी वीस-पंचवीस मिनिटं जात आणि मधल्या वेळात त्याची आणखी दोनेक कामं झालेली असत. म्हणजे मेंदू तेवीस मिनिटं बधिर बसतो असं नाही. एक काम सोडलं की दुसरं हाती येतं, दुसऱ्यातून तिसरं निघतं आणि पहिलं मागे पडतं.

त्यांचाच २००८ चा प्रयोग जास्त बोलका आहे. ज्यांच्या कामात व्यत्यय आणला, त्यांनी काम उलट कमी वेळात उरकलं आणि दर्जातही फारसा फरक पडला नाही. पण त्यांचा ताण, चिडचिड आणि वेळेचं दडपण वाढलेलं होतं. 'कितीही फोन येऊ देत, कामं तर होतायत ना' असं म्हणणारे वरिष्ठ चुकीचं बोलत नाहीत. फक्त ती कामं होताना माणसाचं काय होतं, ते त्या वाक्यात येत नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात असंही दिसलं की फोन हातात न घेता नुसती नोटिफिकेशनची जाणीव झाली, तरी एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात. नजर सातबाऱ्यावर आणि मन 'कुणाचा असेल?' यावर.

सगळं बंद केलं तर? यावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्या जवळचा आहे, कारण त्यात सहभागी झालेले दोनशेहून अधिक जण भारतातले स्मार्टफोन वापरणारे होते. काहींना नोटिफिकेशन नेहमीसारखी आली, काहींना दर तासाला एकदम, काहींना दिवसातून तीनदा एकदम आणि काहींना आलीच नाहीत. सगळ्यात बरं वाटलं ते तीनदा मिळणाऱ्यांना. त्यांचं लक्ष जास्त लागलं, मूड सुधारला, आपला फोन आपल्या ताब्यात आहे असं वाटलं. ज्यांना नोटिफिकेशन आलीच नाहीत, त्यांची धास्ती वाढली. काहीतरी सुटतंय, ही भीती त्यांना खात राहिली.

लोकांनी नकार दिला तेव्हा

महाराष्ट्रात यावरून भांडणं झाली आहेत, फक्त ती 'व्यत्यय' या नावाने झाली नाहीत. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता कमी, ते सारखे अडकणार, दुरुस्तीचा खर्च अंगावर आणि 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या संघटना कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयाविरोधात उतरल्या. मोर्चा आणि सामूहिक रजेच्या आधी त्यांनी वापरलेलं एक हत्यार होतं प्रशासनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडणं. पूर्वी असहकार म्हणजे लेखणी खाली ठेवणं असायचं. आता ग्रुप सोडणं त्याच्या बरोबरीचं झालंय, यावरून काम कुठून चालतं ते कळतं.

कायदा मदतीला येईल का?

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन किंवा मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क आहे, मात्र नकार अवाजवी नसावा अशी अट आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट' विधेयक मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. हे खासगी विधेयक आहे. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

शिवाय हा हक्क 'कामाची वेळ' संपल्यावर सुरू होतो. सरकारी सेवानियमांत कर्मचाऱ्याचा पूर्ण वेळ शासनाचा मानला जातो. आशाताईची गोष्ट त्याहून विचित्र. कागदावर ती कर्मचारीच नाही, मोबदल्यावर काम करणारी स्वयंसेविका आहे. जिला ठरलेली वेळच नाही, तिची वेळ संपणार कधी?

मग आजच्या आज काय करता येईल?

पहिला बदल ग्रुप चालवणाऱ्याच्या हातात आहे आणि तो फुकट आहे. आदेशांसाठी एक वेगळा ग्रुप करून 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग लावली की 'ओके सर'चा पूर एका झटक्यात थांबतो. माहिती गोळा करायची तर ग्रुपवर न मागवता एका ऑनलाइन तक्त्याची लिंक द्यायची. कुणी भरलं, कुणी नाही, ते तिथेच दिसतं आणि एकाचं 'निरंक' बाकीच्यांच्या खिशात वाजत नाही. मेसेजच्या पहिल्या ओळीत कुणासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहायचं. जतसारख्या दुभाषिक तालुक्यात आणखी एक: शासकीय मराठीतला दोन पानी पीडीएफ पुढे ढकलताना खाली साध्या भाषेत 'काय करायचं' एवढी एक ओळ टाकली, तर 'सर, म्हणजे नक्की काय?' विचारणारे फोन कमी होतील.

दुसरा नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचा: खरोखर तातडीचं असेल तर मेसेज नाही, फोन. आणि फोन म्हणजे तातडीचंच. हे ठरलं की मेसेज निवांत वाचता येतात. हा नियम मोडतो तो बहुतेकदा वरचाच माणूस. 'मेसेज टाकलाय, बघितला का?' हे विचारायला तो फोन करतो आणि मग नियम टिकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ग्रुप आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा म्यूट करता येतो. म्यूट केला तरी कुणी तुमचं नाव घेऊन मेसेज टाकला, तर तो कळतो. त्यामुळे 'म्यूट केलं तर साहेबांचं राहून जाईल' ही भीती थोडी कमी करता येते. बाकीचे ग्रुप बघायला दिवसातल्या तीन वेळा ठरवायच्या आणि त्या वेळा वरिष्ठांनाही सांगून ठेवायच्या.

काम सोडून उठावंच लागलं, तर उठण्याआधी दहा सेकंदं घेऊन 'कुठवर आलो, पुढे काय' हे कागदावर खरडायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोफी लेरॉय आणि थेरेसा ग्लोम यांच्या संशोधनात दिसलं की एवढ्यानेही अर्धवट कामाचा विचार डोक्यात कमी घोळतो आणि मधे आलेलं कामही नीट होतं. तलाठ्याच्या टेबलावर पेन्सिल असतेच.

राहिला रात्रीचा प्रश्न. अँड्रॉइड फोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये निवडक नंबरांना सूट देता येते. त्याशिवाय एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला, तर तो वाजू देण्याची सेटिंगही असते. आयफोनमध्ये ही मुदत तीन मिनिटांची आहे. गावात एवढंच सांगून ठेवायचं की रात्री अडचण आली तर लागोपाठ दोनदा फोन करा. आणि आशाताईंनी नववा महिना लागलेल्या बायकांच्या घरचे नंबर सूट दिलेल्या यादीत टाकायचे, बाळंतपण झाल्यावर काढायचे.