फांदी पडल्यानंतरचे काम

वैशाख-ज्येष्ठात वळवाचे वादळ लोणारवरून गेले म्हणजे कोठे कडुलिंबाची फांदी रस्त्यावर आडवी येते, कोठे गुलमोहर मुळासकट उपटतो, कोठे अंगणातला शेवगा मोडून पडतो. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालची छाटणी होते, तिचा ढीग वेगळाच. अशा वेळी कुऱ्हाड चालविणाऱ्या माणसाभोवती गर्दी जमते. रस्ता मोकळा झाला की गर्दी पांगते आणि काम संपले असे सर्वांस वाटते. वस्तुतः कामाचा मोठा भाग तेव्हाच सुरू होतो. तोडलेले वेगळे करणे, उचलणे, वाहून नेणे आणि योग्य ठिकाणी पोचविणे या कामाचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत. आम्ही मजुरांच्या संघटनेतली माणसे. म्हणून कामाबरोबर मजुरीचाही विचार येथे ओघानेच येईल.

प्रथम काम कसे असते ते पाहू. पडलेली फांदी पुष्कळदा भिंतीत किंवा दुसऱ्या झाडात अडकून धनुष्यासारखी ताणलेली असते. ताणलेल्या बाजूने एकदम घाव घातला तर ती उसळून माणसाला फेकते. म्हणून दबलेल्या अंगाने थोडे कापून मग दुसऱ्या अंगाने सावकाश ताण मोकळा करावा लागतो. फांदीखाली तार असेल तर वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत ती तार जिवंतच समजावी. पुढे डहाळ्या, जाड लाकूड आणि पाला निरनिराळा करावयाचा. डहाळ्यांचे बुंधे एका बाजूस लावून भारे बांधले तर ट्रॉलीत दुप्पट माल बसतो. तसेच कोंबले तर ट्रॉली वाऱ्यानेच भरते. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असते. म्हणजे तोच ओंडका आज उचलणे आणि वाळल्यावर उचलणे यांत फार अंतर आहे. यावरून हे ध्यानात येईल की, नुसत्या खेपांवर मजुरी दिली तर जड ओंडके वाहणारा बुडतो, आणि नुसत्या वजनावर दिली तर काटेरी झुडपे वाहणारा बुडतो.

आता लोणारची विशेष अडचण पाहू. येथले सरोवर उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या विवरात आहे. विवराच्या तोंडाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून पाणी काठाच्या १३७ मीटर खाली आहे. मजल्यांच्या भाषेत बोलावयाचे तर ही चाळीस मजल्यांहून अधिक चढण झाली. २००० साली हा परिसर अभयारण्य झाला आणि २०२० साली रामसर पाणथळींच्या यादीत गेला. या विवरात वेडी बाभूळ माजली. मूळ अमेरिकेतले हे झाड एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आणले गेले. सरोवराच्या रक्षणासंबंधी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चाललेल्या याचिकेत तिच्या निर्मूलनाचाही विषय आला. निर्मूलन हा शब्द कागदावर सोपा आहे. विवरात उतरून पाहिले म्हणजे त्याचा अर्थ कळतो.

वेडी बाभूळ जमिनीबरोबर कापली तर बुंध्यापासून पुन्हा अनेक धुमारे फुटतात आणि एका झाडाचे झुडूप होते. ती मातीखाली, मुळाच्या माथ्याशीच तोडावी लागते. तिच्या शेंगा जनावरे आवडीने खातात आणि बी न पचता शेणातून दूरवर पडते. म्हणून शेंगा पिकण्यापूर्वीच तोडणी करावी, आणि शेंगा धरल्या असतील तर भारा पोत्याने किंवा ताडपत्रीने झाकून न्यावा. उघड्या ट्रॉलीतून शेंगा सांडत गेल्या तर आम्ही विवर साफ करून रस्त्याच्या दोन्ही कडांस नवी लागवडच करीत असतो. तोडून तेथेच ठेवलेली काटेरी फांदी वाट अडविते, उन्हाळ्यात वणव्याला सरपण होते आणि पावसात घरंगळत पाण्याकडे जाते. म्हणजे वाहतूक नीट झाली नाही, तर तोडणीवर झालेला खर्चही वाया जातो.

उचललेल्या मालाचे काय करावे? पाला आणि कोवळ्या डहाळ्या शेण-मातीच्या थरांत घालून ओल राखली तर उत्तम खत होते. काट्या कुंपणाला उपयोगी पडतात. बाभळीचे लाकूड चांगल्या आचेचे सरपण आहे. मात्र अभयारण्यातून काडीही परवानगीवाचून हलविता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे, रीतसर बाहेर काढलेले वनोत्पन्न आसपासच्या लोकांच्या घरगुती खऱ्या गरजेसाठी वापरता येते, व्यापारासाठी नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी वाहणाऱ्या बायाबापड्यांना हे कलम ठाऊक असले पाहिजे. उघड्यावर जाळून टाकणे हा मार्ग तर नव्हेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही त्याला मनाई केली होती.

राहिला मजुरीचा प्रश्न. कामाच्या कागदात 'तोडणी, विल्हेवाटीसह' असे दोन शब्द लिहिलेले असतात. त्या 'सह'मध्ये चाळीस मजल्यांची चढण, काटे आणि ट्रॉलीची वाट पाहण्यात गेलेला दिवस, सारे फुकटात बसते. वाहणे हे स्वतंत्र कसबाचे काम आहे, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी, हमाल कामगारांच्या कायद्याने मान्य केले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली; खड्या चढणीवर ती पुष्कळच कमी हवी, हे सांगावयास पंडित नको. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा चालविला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते महापालिकेचेच कामगार असल्याचा निकाल कायम ठेवला. वाहणाराला संघटनेवाचून कोणी मोजीत नाही, हा त्यातला धडा आहे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, तोडणी, वेगवेगळे करणे, विवरातून वर चढविणे आणि वाहतूक या चार कामांचे दर कागदावर वेगवेगळे लिहावेत. चढणीचा दर उंचीप्रमाणे असावा. काटे उचलण्यास जेळी, हातात जाड हातमोजे, पायांत जाड तळाचे बूट, आणि काटा रुतल्यास धनुर्वाताची लस ही कामाची हत्यारे समजून काम देणाऱ्यानेच पुरवावीत. भारे मोजताना मजुरांचा एक प्रतिनिधी तेथे उभा असावा. वळवाचे ढग येण्यापूर्वी, चैत्रातच हा करार व्हावा. कारण रस्ता अडलेला असताना मजुराला भाव विचारण्याची उसंत कोणी देत नाही, आणि रस्ता मोकळा झाल्यावर त्याला कोणी ओळखत नाही.